ब्रेक लागतो, पण सुटत नाही

गाडी थांबत नाही म्हणून लोक गॅरेज गाठतात. ज्ञानेश सरांनी गाठलं ते गाडी थांबते म्हणून. आता गाडी थांबणं हा काही दोष नव्हे. मुंबई नाक्यावरची वाहतूक पाहिलेला माणूस त्याला सद्गुणच म्हणेल. पण सरांची गाडी एकदा थांबली की पुन्हा निघायचं नाव घेत नसे. पेडलवरून पाय काढा, गाडीला गोंजारा, शिक्षकाला येतात तेवढ्या शिव्या द्या, चाकं आपली डांबर धरून बसलेली. जवळ गेलं की करपल्याचा वास यायचा. मग बराच वेळ गेला, मागच्यांचे हॉर्न वाजून वाजून घसे बसले, की काहीच घडलं नाही अशा थाटात गाडी निघायची.

हे सगळं सुरू झालं दसऱ्यानंतर. दसऱ्याला गाडीची यथासांग पूजा झाली होती, झेंडूची माळ घातली होती, चाकाखाली लिंबू चिरडलं होतं. त्यामुळे देवाधर्माच्या बाजूने काही कमी राहिलं असेल अशी शंका घ्यायला जागा नव्हती.

सर नाशिकच्या इंदिरानगरला राहत आणि हायस्कुलात भूगोल शिकवत. गाडी त्यांची विशीतली. माणूस विशीत कामाला लागतो, गाडी विशीत कामातून जाते, असं त्यांचा मेहुणा मयूर म्हणायचा. मयूरने नुकतीच एक भलीमोठी उंच गाडी घेतली होती आणि नवी गाडी घेतलेल्या माणसाला जुनी गाडी वापरणाऱ्याची जी दया येते, ती त्याला येत होती. "दाजी, स्क्रॅपला द्या," तो दर रविवारी म्हणायचा. "वरून सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीत सूट मिळते." सर हसून चहाचा कप त्याच्याकडे सरकवायचे. तो चहा प्यायचा आणि तेच पुन्हा म्हणायचा.

सरांना गाडी सोडवत नव्हती त्याचं कारण मात्र मयूरला कळण्यातलं नव्हतं. वणीजवळच्या वस्तीवर सरांची आत्या राहायची, नवसाआत्या. दर दिवाळीला तिला नाशिकला आणायचं आणि भाऊबीज झाली की पोचवायचं, हा सरांच्या वडिलांचा शिरस्ता. वडील गेल्यावर तो सरांकडे आला. आत्याचे गुडघे गेलेले. सरांची गाडी ठेंगणी, त्यामुळे आत्या दारात उभी राहून नुसती मागे टेकली की सीटवर बसलेली असायची. मयूरच्या गाडीत तिला एकदा बसवून पाहिलं होतं. खाली प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, मयूरने एका बाजूने धरलं, सरांनी दुसऱ्या, आणि आत्या वर पोचल्यावर म्हणाली की आता उतरायला क्रेन सांगून ठेवा. त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. ही ठेंगणी गाडी गेली तर आत्याचं नाशिकला येणंच सुटणार, ही सरांच्या जिवाला लागलेली गोष्ट होती. आणि गाडीचं पासिंग मार्गशीर्षात संपत होतं.

ब्रेक पहिल्यांदा चिकटला तो नेमका दिवाळीत, आत्याला आणायला निघाल्यावर, दिंडोरी रोडला. बाजारचा दिवस, पुढे द्राक्षबागेचं सामान घेतलेले ट्रॅक्टर, दर दहा पावलांना ब्रेक. शेवटी गाडी एका उसाच्या रसवंतीसमोर बसली. रसवाल्याने लांबूनच सांगितलं, "हँडब्रेक राह्यला असंल." सरांनी उतरून त्याला हँडब्रेक दाखवला. तो खाली होता. रसवाल्याचं समाधान झालं नाही.

आत्याला खरं सांगायची सोय नव्हती. गाडी, रस्ता आणि ब्रेक हे तीन शब्द एका वाक्यात आले तरी तिला रात्रभर झोप लागत नसे. म्हणून सरांनी फोन करून पेपर तपासायचे आहेत अशी थाप मारली. मग आत्या एसटीने आली. कंडक्टरने हाताला धरून खाली उतरवलं तेव्हा स्टँडवर उभ्या असलेल्या सरांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी तिची पिशवी घेताना वर पाहिलंच नाही.

भाऊबीज उरकून ती परत गेली आणि सरांनी केरूभाऊंचं गॅरेज धरलं. केरूभाऊ पाथर्डी फाट्याकडचे, हात चालणारे आणि तोंडही. त्यांनी चारही चाकं काढली, मागचे ड्रम उघडले, लायनर बदलले, ब्रेक ऑईल बदललं. हँडब्रेकची वायर ढिली केली, कारण त्यांचाही पहिला संशय तिथेच होता. काम झाल्यावर ते गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. गाडी वाऱ्यासारखी पळत होती. दोन दिवस ती तशीच पळाली आणि तिसऱ्या दिवशी द्वारका चौकाच्या मधोमध बसली. पुन्हा केरूभाऊ. पण गॅरेजपर्यंत नेईतो ती गार झालेली, आणि केरूभाऊंच्या समोर अगदी शहाण्या पोरीसारखी वागणारी. वर्गात दंगा करून हेडमास्तर आले की पाढे म्हणणारी मुलं सरांनी आयुष्यभर पाहिली होती. त्यांना गाडीचा स्वभाव ओळखीचा वाटला.

या सगळ्या मनस्तापात एक गोष्ट मात्र सरांना सुखावून गेली. केरूभाऊ दर वेळी गाडीत बसण्याआधी चपला बाहेर काढायचे. ग्रीस लागलेले पाय फडक्याला पुसायचे, मगच आत बसायचे. बसताना वाकून हात कपाळाला लावायचे. इतर गिऱ्हाइकांच्या गाड्यांत ते चपलांसकट शिरताना सरांनी पाहिलं होतं. "शिक्षकाला मान देणारी माणसं अजून आहेत," सर घरी बायकोला, संध्याबाईंना म्हणाले. "माझ्या गाडीत चपला घालून बसत नाही तो." संध्याबाई म्हणाल्या, मान राहू दे, ब्रेकचं काय झालं?

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या सिंधुबाईंनी दृष्ट लागल्याचं निदान केलं आणि दृष्ट कोणाची हे सांगायला नको म्हणत मयूरच्या नव्या गाडीकडे पाहिलं. देवळ्याचे झिपरूअण्णा, हयातभर एसटी चालवून निवृत्त झालेले, रोज सकाळी पार्किंगमध्ये येऊन बॉनेटवर हात ठेवून उभे राहत. डॉक्टर जसे नाडी बघतात तसे. एके दिवशी त्यांनी निकाल दिला. "सर, गाडीले काय बी व्हयेल नई. तुमना पाय जड शे."

सरांना ते लागलं. सव्वीस जानेवारीच्या संचलनात ज्या पायांचं कौतुक झालं होतं ते पाय जड? त्यांनी आठवडाभर पातळ तळव्याचे बूट घालून गाडी चालवली. काही फरक पडला नाही, फक्त टाचा दुखायला लागल्या.

पासिंगची तारीख आली. गाडी धुतली, विम्याचे कागद, पीयूसी, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलं. सरांनी रजा टाकली. सकाळच्या गर्दीतून थांबत-थबकत ते पासिंगच्या मैदानाच्या फाटकाशी पोचले, रांगेत उभे राहिले, रांग पुढे सरकली, आणि सरांची गाडी सरकली नाही. बरोबर फाटकात. अर्धी आत, अर्धी बाहेर. मागे रिक्षा, स्कूल व्हॅन, टेम्पो. चार-पाच जण ढकलायला आले. गाडी हलेना. एकाने वाकून विचारलं, "मास्तर, हँडब्रेक?" मास्तर आहेत हे त्याला कशावरून कळलं, हा प्रश्न सरांना पुढे कितीतरी दिवस छळत राहिला.

तपासणीसाठी आलेल्या इन्स्पेक्टर मॅडम वयाने लहान होत्या, पण घाई नावाचा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, तापलेल्या चाकाचा वास घेतला.

"ब्रेक उत्तम आहे, सर," त्या म्हणाल्या. "आता गाडी चालवून दाखवा."

रांगेतला एक रिक्षावाला हसला. सरांनी काचेतून सरळ समोर पाहिलं, कारण दुसरं पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. मॅडमनी गाडी दुरुस्त करून पुढच्या तारखेला आणायला सांगितलं आणि त्यांचं काही चुकलं असं सरांनाही म्हणता येईना.

त्या रविवारी मयूरने चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच विषय काढला. या वेळी संध्याबाईही त्याच्या बाजूने बोलल्या. रागाने नव्हे, दमून. गॅरेजच्या खेपा, चौकातला तमाशा, रोजचा घोर, हे त्यांनीही सोसलं होतं. "अहो, पुढच्या तारखेला झालं तर झालं," त्या म्हणाल्या. "नाही झालं तर मयूर म्हणतो तसं करू. मला आता खरंच नको वाटतं." सर हो म्हणाले. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. गाडी सावलीत उभी होती, आणि कोणाला वाटलं असतं की हिच्यात काही खोट आहे?

मग भूगोलाच्या शिक्षकाने भूगोल कामाला लावला. चिकटतो तो ब्रेक लावल्यावर; म्हणजे ब्रेक कमी लागेल असा रस्ता शोधायचा. त्यांनी शहराचे चढ-उतार अभ्यासले. उतारावर ब्रेक लागतो, चढावर गाडी आपोआप मंदावते, तेव्हा पासिंगला जाताना सगळा रस्ता चढाचा हवा. असा रस्ता नाशकात आहे, पण तो उलट्या दिशेने जातो. दोन संध्याकाळी नकाशा पाहून झाल्यावर त्यांनी नकाशा घडी घालून ठेवला. एवढे हताश ते निकालाच्या दिवशीही झाले नव्हते.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी नवसाआत्या आली. डोळे तपासायचे होते म्हणून शेजारच्यांच्या पिकअपमधून, ड्रायव्हरशेजारी, खाली पाट मांडून त्यावर चढून आली. चहा झाला. तिने सुनेला वालाच्या शेंगा दिल्या, सिंधुबाईंच्या सुनेची चौकशी केली, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं.

"ज्ञाना, देवीचा खण हाय ना रं जागेवर?"

कसला खण, सरांना कळेना.

"गाडीतला. दसऱ्याला मी बांधला त्यो."

"कुठे बांधलास?"

"कुठं म्हंजी? ब्रेकला."

सरांच्या हातात बिस्किट होतं. ते चहात पडलं आणि त्यांनी ते पडू दिलं. पुढचं आत्याने सविस्तर सांगितलं. यंदा दसऱ्यालाही ती नाशिकला आली होती, तेव्हा वणीच्या गडावरून देवीच्या ओटीचा खण तिने प्रसाद म्हणून आणला होता. दसऱ्याला सगळे वर जेवत असताना ती खाली गेली, सीटवर आडवी झाली, हात घालून त्या खणात सुपारी नि हळकुंड ठेवलं, घट्ट घडी केली आणि लाल दोऱ्याने ब्रेकच्या दांडीला बांधली. खाली पायाशी बांधली असती तर देवीच्या वस्तूला पाय लागला असता. म्हणून अगदी वर, दांडी जिथे आत जाते तिथे, कोणाचा पाय पोचणार नाही अशा जागी. गुडघे चढत नसले तरी कंबर अजून वाकते, हेही तिने जाताजाता सांगितलं.

सर पायऱ्या दोन-दोन उतरत खाली गेले. मागून संध्याबाई. सरांनी डोकं स्टेअरिंगखाली घातलं. वीस वर्षांत या गाडीला त्यांनी या कोनातून पाहिलं नव्हतं. वर, अंधारात, लाल दोऱ्याचे वेढे घातलेली टणक पुरचुंडी दांडी आणि तिच्या टेकणाच्या मध्ये पाचरीसारखी बसली होती. पेडल पूर्ण वर येतच नव्हतं. बोटभर नाही, त्याहूनही कमी, पण येत नव्हतं.

सरांनी तसंच उलटं पडून केरूभाऊंना फोन लावला. केरूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की बरोबर आहे, पेडल पूर्ण वर आलं नाही की पुढे गेलेलं ऑईल मागे यायला वाट राहत नाही. ब्रेक लावून लावून ते तापतं, फुगतं आणि चाकं धरून ठेवतं. गार झालं की सोडतं. ऑईल बदललं तेव्हा साठलेला दाब निघून गेला, दोन दिवस बरं वाटलं ते त्यामुळेच.

"पण तुम्हाला दिसलं नाही का हे?" सरांनी विचारलं.

"दिसलं ना सर. पहिल्याच दिवशी दिसलं. पण देवीचं होतं, हात कसा लावणार? मी तर चपला काढून बसायचो."

सरांनी फोन ठेवला. विद्येला मिळालेला तो एकमेव मान असा परत गेला. संध्याबाई सीटला टेकून हसत होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला, आणि त्यांना असं हसताना पाहून सरांनाही महिन्याभराने पहिल्यांदा हलकं वाटलं.

पण आता पुढचा प्रश्न होता. काढायचं कोणी? सरांनी हात पुढे केला तसा संध्याबाईंनी तो धरला. हसणं वेगळं आणि देवीची वस्तू तोडणं वेगळं. सिंधुबाई आल्या, त्यांनी मंगळवारी काढू नये असं सांगितलं, आणि तो मंगळवारच होता. झिपरूअण्णा आले. त्यांनी सांगितलं की त्यांच्या एसटीत ड्रायव्हरसमोर देव असायचा, पण तो काचेपाशी, आणि काचेपाशी असेल तर अडचण नाही. केरूभाऊ गॅरेज टाकून आले, चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले की सर, बाकी काहीही सांगा. मग एकाने सुचवलं की खण राहू द्यावा आणि फक्त सुपारी हळूच ओढून काढावी. यावर बराच ऊहापोह झाला. उद्या पासिंग, गाडी दारात, दोष सापडलेला, उपाय दोन बोटांचा, आणि पार्किंगमध्ये धर्मसभा भरलेली. सर मध्ये उभे होते आणि त्यांना कळत नव्हतं की रडावं की प्रमुख पाहुणे म्हणून दोन शब्द बोलावेत.

एवढ्यात एक-एक पायरी उतरत आत्या खाली आली. काय झालंय ते आता तिला सांगावंच लागलं. रसवंती, फाटक, इन्स्पेक्टर मॅडम, उद्याची तारीख, नाही झालं तर गाडी मोडीत, सगळं. आत्याने ऐकलं. तिचा चेहरा एवढासा झाला.

"म्हंजी माझ्यामुळंच की रं," ती म्हणाली. "दिवाळीला मी एसटीनं आले त्ये बी?"

सरांनी नाइलाजाने मान डोलावली.

"त्या रस्त्याला ट्रॅक्टर किती, कंटेनर किती. तू यायचास तवा मी दारात बसून राहायची. मी देवीला म्हणलं, माझ्या ज्ञानाच्या गाडीचा ब्रेक लागू दे माय. लागू दे एवढंच म्हणले." ती थांबली. "सुटू दे म्हणायचं ध्यानातच नाय आलं."

यावर कोणी हसलं नाही. आत्या सीटवर टेकली, आडवी झाली, आत हात घातला. दोरा तुटायचा आवाजही आला नाही. बाहेर आली तेव्हा पुरचुंडी तिच्या मुठीत होती. ती तिने कपाळाला लावली, गडाच्या दिशेला तोंड केलं आणि पुटपुटली. मग कमरेच्या पिशवीत टाकून म्हणाली, "सांगितलं मी तिला. तिला कळतं सारं. ती काय मंगळवार बघत बसती का?"

सिंधुबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि दूध तापत ठेवल्याची आठवण काढून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर त्याच गर्दीतून, त्याच चौकांतून, थांबत-थबकत गेले. द्वारकेला त्यांनी ब्रेक लावला आणि पाय उचलला. गाडी तसूभर पुढे गेली. नुसत्या पाय उचलण्याने. पुढच्या सिग्नलला कारण नसताना त्यांनी पुन्हा तसं करून पाहिलं. शेजारच्या स्कूटरवाल्याने संशयाने पाहिलं, पण सरांना त्याचं काही वाटलं नाही. ते फाटकातून आत शिरले, पूर्ण आत, आणि मैदानावर त्याच मॅडम होत्या. त्यांनी गाडी ओळखली. त्यांनी स्वतः बसून चालवली, जोरात ब्रेक लावला, सोडला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला. दिवे पाहिले, हॉर्न वाजवला.

"काय होतं हो?" खाली उतरताना त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर वेळ लागला असता, आणि सरकारी माणसाला देवी, आत्या आणि सुपारी या क्रमाने काही समजावणं सरांना जमलंही नसतं. "अडकलं होतं काहीतरी, निघालं," ते म्हणाले. मॅडमनी मान हलवली आणि सही केली. बाहेर आल्यावर सर गाडीत काही न करता बसून राहिले. छातीवरचं ओझं उतरलं म्हणजे काय ते त्यांना तेव्हा कळलं. मग त्यांनी संध्याबाईंना फोन केला, आणि "झालं" एवढंच म्हटल्यावर पलीकडून पहिल्यांदा आत्याचाच हुंदका ऐकू आला.

शनिवारी सर आत्याला पोचवायला निघाले. ट्रॅक्टर होतेच. ब्रेक लागत होता, सुटत होता. आत्या मागे मजेत बसली होती, वाटेतल्या बागा बघत कोणाची द्राक्षं या वर्षी बरी आहेत ते सांगत होती. वस्तीवर गाडी दारात थांबली तशी शेजारच्या लंकाबाई अंगणात आल्या. त्यांनी गाडीभोवती नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अजून हीच हाय का मास्तरांकडं? लोकांनी केवढाल्या मोठ्या घेतल्या."

महिनाभर इतकं ऐकल्यावर हेही ऐकून घ्यायची सरांची तयारी होती. पण आत्या तोवर पाय बाहेर टाकून, कोणाचा हात न धरता, आपली आपण उभी राहिली होती.

"मोठ्या लय हायेत, लंकाबाई," ती म्हणाली. "माझ्या माहेराहून येती ती ही एवढीच."

सर खाली वाकले आणि मागच्या चाकाशी काहीतरी बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. पण डोळे कोरडे होईपर्यंत त्यांना वर यायचं नव्हतं, आणि आत्याने आतून जेवायला हाक मारली तरी ते जरा वेळ तसेच बसून राहिले.